भाऊजींच्या बोटीचं भाडं

आमच्या चुलतदिरांइतका हुशार माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत झाला नाही, आणि त्यांच्याइतका बावळटही झाला नाही. हे दोघे एकाच सदऱ्यात राहत होते, एवढाच काय तो घोटाळा. लोक त्यांच्याबद्दल बोलताना हुशारी तेवढी सांगतात. मी दोन्ही सांगणार आहे, कारण मी त्यांना जेवायला वाढलेलं आहे, आणि ज्याला आपण वाढतो त्याचं खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेव्हा त्यांच्या विद्येविषयी माझं काही चुकलं तर ज्यांना कळतं त्यांनी दुरुस्त करून घ्यावं. बाकी सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही.

भाऊजींना माती खायची सवय होती. लहान पोरं खातात तशी नव्हे, जाणकार माणूस आमटी चाखतो तशी. कुणाच्याही रानात शिरायचं, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि मग थुंकून त्या रानाच्या मालकाला तोंडावर सांगायचं, "हितं मीठ वर यायला लागलंय बरं का." आमच्या भागात कालवा आला तसा ऊस आला, ऊस आला तशी घरावर कौलं आली, आणि मग माणसांची हाव सुटली. ऊस म्हणजे म्हैस, ती पाण्यात बसलेलीच पाहिजे, असं आमचे लोक म्हणत आणि रानात पाणी तुंबवून ठेवत. चार-सहा वर्षांत ते रान पांढरं पडायचं. उन्हात कुणी मिठाचं पोतं सांडलंय असं दिसायचं, आणि मग त्यात गवतसुद्धा नीट उगवायचं नाही. त्याला आम्ही चोपण म्हणतो. भाऊजी पुण्याच्या शेतकी कॉलेजात याच चोपणावर डॉक्टरकीचा अभ्यास करत होते. गावाला आधी वाटलं होतं की ते सुई टोचणारे डॉक्टर होणार. मातीचा डॉक्टर होणार हे कळल्यावर गावानं त्यांच्या आईला जाऊन धीर दिला.

एकदा सुप्याला त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो. सुपं म्हणजे कोरडवाहू गाव, पण माणसं खाऊनपिऊन नीट होती, मुलगीही चुणचुणीत होती. पोहे झाले, पान-सुपारी झाली, मुलगी पाटावर येऊन बसली, आणि नवरदेव कुठं दिसेनात. शेवटी मुलीचे वडील शोधत परसात गेले तर भाऊजी लिंबाखाली उकिडवे बसलेले, तोंडात माती, डोळे मिटलेले. वडील हातात तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. भाऊजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मामा, अशी गोड चीज मी आजवर बघितली न्हाई." वडील खूश होऊन म्हणाले, "व्हय का? मग पसंत म्हणायची?" भाऊजी म्हणाले, "पसंत म्हंजी काय, माझ्या हातात असतं तर पोत्यात भरून घिऊन गेलो असतो." पुढं खुलासा झाल्यावर सोयरीक तिथंच मोडली. बैलगाडीत मी त्यांना एवढं बोलले, एवढं बोलले की बैलसुद्धा कान पाडून चालायला लागले. तर हे म्हणतात, "वैनी, आपली जमीन पाट यायच्या आदी अशीच आसंल, न्हाई?" त्यांचं लग्न पुढं झालं, पण ती बाई सुप्याची नव्हती.

दुसरी खोड बाटल्यांची. गावातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी ते दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्यांत भरून ओळीनं कोनाड्यात ठेवत. गावचे पुढारी तात्या एकदा खोकत खोकत भाऊजींच्या घरी आले, बाटली दिसली, औषध समजून दोन घोट मारले आणि म्हणाले, "वा, छाती मोकळी झाली." भाऊजी म्हणाले, "तात्या, ते तुमच्याच हिरीचं पानी हाय. पिऊ नगा, खारं हाय." तात्यांना राग आला. खारं म्हटल्याचा राग, औषध नव्हतं त्याचा नव्हे. वर म्हणाले, "माझ्या हिरीला नाव ठिवतोस? गुण आला मला!"

आणि तिसरी खोड म्हणजे खोटं बोलता न येणं. ही खोड मात्र महागात पडणारी. दुसऱ्याच्या उसात पाणी तुंबलेलं दिसलं की भाऊजी धोतर खोचून आत उतरायचे आणि त्याच्या वाफ्याचं दारं मोडून पाणी बाहेर काढून द्यायचे. मालक काठी घेऊन आला की पळायचे नाहीत. "कुणी फोडलं दारं?" म्हटलं की "मी फोडलं." मग मार खायचे आणि मार खाता खाता समजावून सांगायचे की पाणी द्या पण बुडवू नका, दिलेल्या पाण्याला खालून निघून जायला चर ठेवा. आमचे सासरे गावातली भांडणं मिटवायचे, त्यांनीसुद्धा इतक्या लोकांच्या काठ्या बघितल्या नव्हत्या.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. भाऊजींनी चोपणावर एक निबंध लिहून परदेशी धाडला होता. हॉलंड म्हणून देश आहे, तिथली माणसं समुद्र हटवून त्याखालची जमीन कसतात म्हणे. तिथं सगळ्या जगातले मातीवाले जमणार होते आणि त्यांनी भाऊजींना बोलावलं, की या आणि तुमचा निबंध स्वतः वाचा. राहायचं-जेवायचं ते बघणार होते. बोटीनं यायचं-जायचं भाडं तेवढं आपलं आपण. भाऊजी आम्हाला सांगायला शेळगावला आले. माझ्या मालकांच्या वाटणीला शेळगावकडची जमीन आली होती म्हणून आम्ही तिकडं राहत होतो. त्या दिवशी भाऊजींनी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि कशाबरोबर खाल्ल्या हे त्यांना कळलं नाही. म्हणाले, "वैनी, तिथं मिठाच्या जमिनीत गहू उगवत्यात. कसं करत्यात त्ये मला बघायचंय. आन् आपल्याकडं काय झालंय त्ये त्यांना सांगायचंय. येवढं एकदा झालं की बास."

आता ऐका शहाण्यांचं शहाणपण. भाऊजी कॉलेजात भाडं मागायला गेले. कॉलेज म्हणालं, आम्ही अर्धं देऊ, पण उरलेलं अर्धं दुसरीकडून मिळाल्याचं आधी दाखवा. भाऊजी मुंबईला सरकारच्या कचेरीत गेले. कचेरी म्हणाली, आम्हीही अर्धं देऊ, पण कॉलेजनं अर्धं दिल्याचं आधी दाखवा. ते परत पुण्याला आले, परत मुंबईला गेले. दोन्हीकडं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि दोन्हीकडचे साहेब हसून बोलले. एका घरात दोन जावा असाव्यात, एकीनं म्हणावं तू चूल पेटव मग मी पीठ मळते, दुसरीनं म्हणावं तू पीठ मळ मग मी चूल पेटवते, आणि दोघींनी मिळून सासऱ्याला म्हणावं, मामंजी, घरात कुणी नाही म्हणत नाहीये हां! आमच्यात असल्या जावांना झिंज्या धरून सरळ करतात. साहेब लोकांच्या डोक्याला टोपी असते, तिथं काय धरणार?

त्याहून वाईट पुढंच आहे. कॉलेजातल्या मोठ्या प्रोफेसरांना त्याच परिषदेला जायचं होतं. त्यांना सगळंच्या सगळं भाडं मंजूर झालं, एका सकाळीत. भाऊजींना कारकून म्हणाला, "अहो, विद्यार्थ्यानं कशाला एवढं लांब जायचं? साहेब जातायत ना? तुमचा निबंध तेच वाचतील." म्हणजे नांगरट कुणी केली, पाळ्या कुणी घातल्या, आणि खळ्यावर सूप घेऊन उभा कोण! मी भाऊजींना विचारलं, "तुमी त्याला काय म्हणालात?" तर म्हणाले, "मी म्हनलो, सायबांनी माती चाखलेली न्हाई." बरोबरच होतं. पण कारकुनाला ते उद्धटपणाचं वाटलं.

ही बातमी गावात गेली आणि तात्या पेटले. विहिरीचा राग ते विसरले होते. चावडीवर उभे राहून म्हणाले, "सरकार देत न्हाय तर गाव दील! आपलं पोरगं हाय!" आणि गावानं खरंच दिलं, त्याबद्दल मी नावं ठेवणार नाही. ज्यांनी भाऊजींना काठीनं मारलं होतं त्यांनीसुद्धा गुळाच्या ढेपा दिल्या. कुणी ज्वारीचं पोतं दिलं, एका म्हातारीनं दोन कोंबड्या दिल्या. सगळं बारामतीच्या पेठेत विकलं आणि अर्ध्या भाड्याच्या वर रक्कम जमली. ती तशीच उचलून कॉलेजच्या टेबलावर ठेवायची, मग कॉलेजला आपलं अर्धं द्यावंच लागणार होतं, आणि भाऊजी बोटीत बसणार होते. इतकं सोपं होतं. दुसरीतल्या पोराला जमलं असतं.

पण आमच्याकडं एक रीत आहे. ज्यानं आहेर केला त्याला पंगत. तात्यांना कुणीतरी म्हणालं, "माणसांनी येवढं दिलंय, त्यांना तोंड गोड न करता कसं सोडायचं?" तात्या म्हणाले, "व्हय की! लोक काय म्हणतील?" म्हणून आधी नुसता नारळ आणि फेटा ठरला. मग देणाऱ्यांना लापशी ठरली. देणाऱ्यांना घातली तर त्यांच्या घरच्यांना कशी नको? घरच्यांना बोलावलं तर आलेल्या पाव्हण्यांनी कुठं जायचं? मग लापशीची बुंदी झाली, बुंदीला बारामतीहून आचारी आला, आचारी आला तसा मांडव आला, आणि मांडव आहे तर वाजंत्री पाहिजेच. जेवढी माणसं जास्त देतील तेवढी पंगत मोठी होणार, आणि पंगत मोठी झाली की भाडं कमी पडणार, हे एवढ्या बाप्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. कुणी पैसा खाल्ला नाही हो. पै-पै सरळ होती. सगळ्यांनी मिळून प्रामाणिकपणे बोटीचं भाडं जेवून टाकलं.

मी आदल्या दिवशी गावी पोचले आणि तात्यांना गाठून सांगितलं. पदर डोक्यावर घेऊन, पण आवाज खाली न आणता. म्हटलं, "तात्या, हे लगीन न्हाई. हे पैसं भाड्याचं हायेत." तात्या म्हणाले, "सूनबाई, मानूस परदेशी चाललाय. मयतालासुद्धा आपन वाजवत न्हेतो. ह्याला मुक्यानं पाठवायचं व्हय?" बाया मला म्हणाल्या, चुलत भावजयीचं पोट दुखतंय. दुखत होतंच. मी पंगतीच्या दिवशी आचाऱ्याच्या हातातलं तूप काढून घेतलं आणि डबा चुलीमागं लपवला. तेवढाच वाचला. बाकीचं सगळं पत्रावळींवर गेलं.

आणि आमचे भाऊजी? फेटा एका कानावर आलेला, गळ्यात झेंडूचे हार, मधोमध बसून बुंदी खात होते. मी वाढायच्या निमित्तानं वाकून म्हटलं, "अवो, तुमची बोट चाललीय ह्या पत्रावळींवरनं. उठा आन् बोला कायतरी." त्यांनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. ज्यांच्या उसात शिरून त्यांनी मार खाल्ला होता ते लोक शेजारी बसून त्यांना आग्रहानं घास भरवत होते. भाऊजी म्हणाले, "वैनी, भरल्या ताटावरनं मानसं कशी उठवायची?" मला इतका संताप आला की मी त्यांना बुंदी वाढायची ती आमटी वाढली. त्यांनी तीही खाल्ली.

उरलेलं नाणं हळद-कुंकू लावून लाल फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिलं आणि सगळा गाव वाजत गाजत बारामतीच्या स्टेशनवर गेला. दौंडची छोटी गाडी सुटली तेव्हा तात्या रडले. त्या फडक्यातल्या पैशात मुंबईपर्यंत जाता येत होतं आणि परत येता येत होतं. भाऊजी तेवढंच करून आले. कॉलेजनं बघितलं, अर्धं नाही, म्हणून त्यांचं अर्धं नाही. कचेरीनं विचारलं, कॉलेजनं दिलं का? नाही? मग कसं जमणार? प्रोफेसर ठरल्या दिवशी बोटीत चढले. भाऊजींनी धक्क्यावर जाऊन निबंध त्यांच्या हातात दिला. वर त्यांची ट्रंक उचलून दिली. मी म्हटलं, "ट्रंक कशापायी उचलली?" म्हणाले, "जड हुती."

तिथून ते गावात न जाता थेट शेळगावला आमच्याकडं आले. एस.टी.तून उतरले तेव्हा फेटा पिशवीत होता. मी विचारलं, घरी का गेला नाहीत. म्हणाले, "वैनी, गावात कसा जाऊ? त्यांनी मला पोचवलंय की." मी पाणी दिलं. पुढं महिना-सव्वा महिना ते आमच्या चोपण रानात चर खणत राहिले. शेळगावच्या लोकांना वाटलं आम्ही नवा गडी ठेवलाय. एकानं मजुरी विचारली आणि गडी बरा खणतोय म्हणून मला दाद दिली.

परिषद आटोपल्यावर ते म्हणाले, आता घरी जायला पाहिजे. एकट्याला सोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून मालक आणि मी दोघंही त्यांच्याबरोबर निघालो. बारामतीच्या एस.टी. स्टँडवर गावच्या कुणीतरी त्यांना बघितलं, आणि आम्ही पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं गेलेली. चावडीवर ही गर्दी. तात्यांनी वाजंत्रीवाल्यांना सांगावा धाडलेला, आणि पुन्हा वर्गणी सुरू! स्वागताच्या पंगतीसाठी! माझ्या अंगाची लाही झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजी पुढं झाले आणि नेहमीसारखे सरळ म्हणाले, "तात्या, मी गेलोच न्हाई."

तात्या हसले. "गेला न्हाईस म्हंजी? आमी सोडायला आलो हुतो की!"

"आला हुता. पर भाडं पुरलं न्हाई."

"का न्हाई पुरलं? येवढं जमलं हुतं!"

भाऊजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर द्यावंसं वाटत नव्हतं. मग कुणीतरी हळूच हिशेब केला असावा, कारण एकेकाची मान खाली जायला लागली. तात्या चावडीच्या पायरीवर खाली बसले. म्हणाले, "आरं मग तवाच का न्हाई बोललास?"

भाऊजी म्हणाले, "तुमी जेवत हुता."

राग नव्हता हो त्यात. टोमणाही नव्हता. विचारलं म्हणून खरं सांगितलं. पण ते ऐकल्यावर मला बोलायचं होतं ते सगळं मीसुद्धा गिळलं. कोंबड्या देणारी म्हातारी उठून गेली. तात्या म्हणाले, "आता पाठवतो. पंगत न्हाई, काय न्हाई. उद्याच्याला पाठवतो." भाऊजींनी त्यांना समजावलं की परिषद संपली, माणसं आपापल्या देशाला गेली. तात्या म्हणाले, "फुडल्या साली?" पुढल्या साली कुणी बोलावलं नाही. त्यांची डॉक्टरकी झाली, लांब कुठल्यातरी जिल्ह्यात नोकरी लागली, आणि दुसऱ्यांच्या शेतात शिरण्याबद्दल त्यांना पगार मिळू लागला. बोटीत ते कधीच बसले नाहीत. प्रोफेसरांनी तिकडं निबंध वाचला तेव्हा लोकांनी खूप प्रश्न विचारले म्हणे. त्यांना एकाचंही उत्तर आलं नाही, असं त्यांनीच परत आल्यावर मोकळेपणानं सांगितलं. त्यांच्या मोकळेपणाचं कॉलेजात कौतुक झालं. मला कुणी त्या कॉलेजात नेलं नाही, हे त्यांचं नशीब.

गावानं मात्र हळूहळू ही गोष्ट बदलून टाकली. शरम किती दिवस बाळगणार? तात्या गेले, त्या पंगतीतले बरेच गेले, आणि आता त्यांची नातवंडं छातीठोकपणे सांगतात की आमच्या गावचा माणूस पहिल्यांदा हॉलंडला जाऊन आला, वाजत गाजत गेला, आमच्या आज्यानं स्वतः पोचवला. भाऊजी वारले तेव्हा शाळेत सभा झाली, तिथंही एकानं हेच सांगितलं. मी पुढच्या रांगेत बसले होते. उठून खोडून काढणार होते. मग म्हटलं, जाऊ दे. मेल्यावर तरी जाऊन येऊ दे.

एकच गोष्ट गावाला ठाऊक नाही. निबंध वाचायचा जो दिवस ठरला होता, त्या दिवशी भाऊजी आमच्याकडंच होते. सकाळपासून चरात खणत होते. दिवस कलायला लागला तेव्हा हातपाय धुतले, परदेशासाठी शिवलेला कोट अंगात घातला आणि निबंधाची दुसरी प्रत घेऊन बांधावर जाऊन उभे राहिले. मालक आणि मी चराच्या कडेला बसलो होतो. ते इंग्रजीत सुरू झाले. मी म्हटलं, "मराठीत सांगायचं आसंल तर बसते. न्हाईतर मला भाकरी टाकायची हाय." मग त्यांनी कागद मिटला आणि तोंडानं सांगायला लागले. कालवा कसा आला, पाणी जमिनीत कसं मुरलं, खालचं मीठ कसं वर चढलं, कुणाचं रान कसं गेलं, आणि अजून काय करता येईल. निम्मं मला कळलं नाही. पण त्यांचा आवाज असा मोठा झालेला मी आधी कधी ऐकला नव्हता. समोर आम्ही दोघंच होतो आणि ते लांबच्या माणसाला ऐकू जावं तसं बोलत होते.

संपल्यावर ते तसेच उभे राहिले. मालकांनी घसा खाकरला. मला वाटलं कायतरी विचारायला हवं, तिकडं विचारतात तसं. म्हणून विचारलं, "हे येवढं खरं आसंल, तर त्या सायबांनी भाडं का दिलं न्हाई?"

"त्याच्यावर माझा अभ्यास न्हाई, वैनी," ते म्हणाले. मग मावळतीकडं बघून म्हणाले, "तिकडं आता किती वाजलं असतील?"

"मला काय ठावं. हितं दिवस बुडाला," मी म्हटलं आणि उठले. दारातून वळून बघितलं तर ते कोट घालून तिथंच उभे. मी भाकऱ्या केल्या, झाकून ठेवल्या. गार झाल्या, तरी हाक मारली नाही.